डोळ्यात कचरा

गेल्या बुधवारी ऑफिसात राडा झाला. रात्री अकराला प्रॉडक्शन आडवं पडलं. कारण? कोणीतरी कॉन्फिग फाइलमध्ये एक व्हॅल्यू चुकीची टाकली होती. हा 'कोणीतरी' म्हणजे अस्मादिकच.

आता गंमत अशी की, लॉगमध्ये माझं नावच नव्हतं. संध्याकाळी घाईत होतो, म्हणून दोन महिन्यांपूर्वी टीममध्ये आलेल्या एका पोराला म्हटलं होतं, "तुझ्या बदलासोबत माझा एवढा एक मर्ज करून टाक ना." त्याने केला बिचाऱ्याने. त्यामुळे वर नाव त्याचं. कॉलवर पंधरा-सोळा जण, सगळे चिडलेले, आणि मॅनेजरने विचारलं, "शेवटचा बदल कोणाचा?"

तो पोरगा म्यूटवर. मीही म्यूटवर.

दहा सेकंद असतील फार तर. मग मी बोललो, की बदल माझा होता, त्याने फक्त मर्ज केला. पुढे जे व्हायचं ते झालं. बोलणी खाल्ली, आरसीए लिहिला, पहाटे तीनला झोपलो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. भीती नाही वाटली?"

वाटली की! नसती वाटली तर दहा सेकंद कशाला लागले असते? पण त्या दहा सेकंदांत मला एक काचेचा लोलक आठवला. आणि सातारा आठवला. म्हटलं, वीकेंडला हेच लिहावं.

तर मंडळी, नवीन वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी ख्रिस्ती आहे. साताऱ्याचा, मराठी, ख्रिस्ती. हे तीन शब्द एका दमात म्हटले की समोरचा थोडा थांबतो. "पण तुझं आडनाव तर आपल्यासारखंच आहे!" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय याचा काउंटर ठेवला असता तर एव्हाना ओव्हरफ्लो झाला असता. आडनाव तेच, भाषा तीच, भाकरी-खरडाही तोच. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात आणि दिवाळीत माळ्यावरून काढलेला आकाशकंदील डिसेंबरात पुन्हा लागतो. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, दोनदा दिवाळी."

घरी आम्ही चौघं. पप्पा, मम्मी, आजी आणि मी. आजी नर्स. तिचं ट्रेनिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेलं. डॉ. विल्यम वानलेस नावाचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत हे हॉस्पिटल उभं केलं. सांगलीजवळची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. पुढे आजीने नोकऱ्या ठिकठिकाणी केल्या, पण बोलताना दर दोन वाक्यांनी मिरज यायचीच. चादरीची घडी घालतानासुद्धा, "आमच्या मिरजेला असं चालायचं नाही."

आजी समाजातल्या लोकांना भेटली की 'सलाम' म्हणायची. जुन्या मराठी ख्रिस्ती लोकांत ही पद्धत आहे. सातवीत माझा एक मित्र घरी आला, त्याने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं की आम्ही मुसलमान आहोत. मी दुरुस्ती केली नाही. म्हटलं, जाऊ दे, निदान विषय तरी संपला.

ही माझी त्या वयातली एकूण पॉलिसी होती... जाऊ दे, विषय संपव!

गैरसमज नको, साताऱ्यात मला कधी कोणी त्रास दिला नाही. गल्लीतल्या मंडळाच्या आरतीला मी टाळ वाजवायचो, सगळ्या आरत्या पाठ होत्या. प्रसादाचा प्रश्न मात्र घरात दर वर्षी निघायचा. पप्पांचं म्हणणं, नम्रपणे घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा. आजी म्हणायची, "कोणी प्रेमाने दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं. माणसाचा हात बघायचा." हा वाद दोन हजार वर्षं जुना आहे आणि पौलाच्या पत्रांत त्यावर अख्खे अध्याय आहेत, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी मोदक चौकात उभ्या उभ्या खायचो, म्हणजे घरी प्रश्नच नको.

त्रास नव्हता, पण वेगळं दिसण्याची एक भीती होती. चौदा-पंधराव्या वर्षी ती कोणाला नसते? कोणाला आवाज फुटल्याची लाज, कोणाला बापाच्या जुन्या लूनाची. माझी लाज डब्याच्या वेळेची होती.

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना करायची पद्धत. डोळे मिटायचे, दोन वाक्यं मनात म्हणायची, आमेन. पाच सेकंदांचं काम. आठवीत नव्या बेंचवर माझ्या शेजारी जो आला त्याला सगळे पैलवान म्हणायचे. घरी तालीम, गावाकडे म्हशी, डब्यात दुधाच्या सायीसकट काहीतरी असायचंच. पहिल्याच दिवशी मी डोळे मिटले आणि त्याने विचारलं, "काय रं, डोळ्यात काय गेलं का?"

मी म्हटलं, "हां. कचरा."

झालं! त्यानंतर दोन वर्षं मी रोज मधल्या सुट्टीत डोळे चोळत प्रार्थना केली. रोज. पैलवान सहानुभूतीने म्हणायचा, "डॉक्टरला दाखव लेका, तुझ्या डोळ्यात रोजच कचरा जातो." एकदा तर त्याने घरून गुलाबपाणी आणून दिलं. मी ते डोळ्यात घातलंसुद्धा. (त्या गुलाबपाण्याबद्दल मला आजही अपराधी वाटतं.)

बरं, मी काही नास्तिक-बिस्तिक झालो नव्हतो. रविवारी मी चर्चचा हिरो होतो. संडे स्कूलमध्ये पहिला नंबर, 'उपासना संगीत' मधली निम्मी गाणी पाठ, तरुण संघाच्या नाटकात योसेफाची भूमिका. पण रविवार दुपारी बाराला चर्चचं फाटक ओलांडलं की तो मुलगा आत राहायचा आणि दुसराच सायकलवर बसून घरी यायचा. दोन एन्व्हायरनमेंट होती हो, एकातलं कोड दुसऱ्यात कधी डिप्लॉयच झालं नाही.

एकदा मराठीच्या तासाला कवी टिळकांचा विषय निघाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. सर म्हणाले, फुलामुलांचे कवी. मागून कोणीतरी विचारलं, रेव्हरंड म्हणजे काय? सर सांगत होते आणि मी वहीत मान खाली घालून बसलो होतो. वास्तविक मला सगळं माहीत होतं. आजीच्या ट्रंकेत लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' होतं, त्यातले भाग ती वाचून दाखवायची. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये घेतला, तोही नवऱ्याने घेतला म्हणून नव्हे, स्वतःला पटल्यावर. आणि १९१७ मध्ये टिळक मिशनची नोकरी सोडून आले ते कुठे? साताऱ्यात! आमच्या साताऱ्यात! इथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. भजन-कीर्तन, मराठी मातीतला ख्रिस्त. पंचावन्न उलटलेला माणूस पगार सोडून हे करायला निघाला होता. पुढे १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार त्यांच्यासोबतच मावळला.

हे सगळं मला सांगता आलं असतं. अख्ख्या वर्गाने कान टवकारले असते. पण मग 'तुला कसं माहीत?' असं कोणीतरी विचारलं असतं. म्हणून गप्प.

आता लोलकाकडे येतो.

२०१२ चा डिसेंबर. मी दहावीत. शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती आणि मी टीमचा लीडर. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शिपाई मामांकडे असायची. मामा साठीला टेकलेले, टोपी, खाकी शर्ट, प्रत्येक काचेचं भांडं स्वतःच्या हाताने फडक्यात गुंडाळून ठेवणारे. एका शनिवारी दुपारी त्यांनी आम्हाला आत सोडलं आणि ते घंटा द्यायला गेले. मी लोलक काढून खिडकीतल्या उन्हात धरला. भिंतीवर असा झकास सप्तरंगी पट्टा पडला की पैलवान "आयला!" म्हणून ओरडला. मी तो पट्टा त्याच्या शर्टावर, मग छतावर, मग महापुरुषांच्या फोटोवर फिरवत होतो... आणि सटकला हातातून. एक कोपरा उडाला.

पैलवानाने तुकडा उचलून खिडकीबाहेर टाकला, लोलक पुसून डबीत ठेवला, डबी कपाटात. "गप बस. कोन बघतंय?"

मी गप बसलो. त्यात माझा दोन वर्षांचा अनुभव होता.

सोमवारी सरांना कळलं. किल्ली मामांकडे, साफसफाई मामा करतात, म्हणजे मामांच्याच हातून पडला असणार. कोणी फार आरडाओरडा केला नाही. फक्त ठरलं, की मामांनी भरून द्यायचं. एकशे ऐंशी रुपये. मामा काही बोलले नाहीत. मान हलवली आणि पाण्याची घागर भरायला गेले.

आणि आता टायमिंग बघा. त्याच आठवड्यात संडे स्कूलची पाठांतर स्पर्धा होती. मत्तयच्या शुभवर्तमानातले अध्याय पाच, सहा आणि सात. डोंगरावरचं प्रवचन. एकूण एकशे अकरा वचनं. मी रोज रात्री आजीला म्हणून दाखवायचो आणि ती पुस्तक धरून तपासायची. पाचव्या अध्यायात एक जागा आहे, तिचा मतलब असा, की तू देवाला अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. मी ते दर रात्री धडाधडा म्हणून पुढे जायचो. बुधवारी रात्री तिथे अडलो. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच.

आजीने चष्म्यावरून बघितलं. "पाठ आहे तुला ते. काय झालं?"

मग सगळं बाहेर आलं. लोलक, खिडकी, मामा, एकशे ऐंशी रुपये. मला वाटलं आजी बायबल उघडून काहीतरी वाचेल. तिने काही वाचलं नाही. तिने मला वॉर्डातली गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला तिच्या हातून एकदा एका पेशंटचं औषध दुसऱ्याला गेलं होतं. रात्रीची वेळ, कोणी बघितलं नव्हतं. "आम्हाला शिकवलं होतं, चूक झाली की पहिल्या मिनिटाला सांगायची. शिक्षा नंतर. आधी पेशंट. तू लपवतोस तेवढा वेळ त्याच्या अंगात ते औषध चढत असतं."

"मग तू सांगितलंस?"

"सांगितलं. बोलणी बसली, रडले. पेशंट वाचला." मग थोडं थांबून म्हणाली, "प्रार्थना करायचीच असेल तर आज गुडघ्यावर नको करू. उद्या सरांच्या टेबलासमोर उभा राहून कर."

मी म्हटलं, पैलवानाचं नाव येईल. ती म्हणाली, "त्याचं तो बघेल. हात कोणाचा होता?"

गुरुवारी सकाळी शाळेत गेलो. खरं सांगतो, मला कुठलीही दैवी शक्ती वगैरे जाणवली नाही. पोटात गोळा आला होता आणि टीचर्स रूमच्या दारातून मी दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो, कारण सरांनीच बघितलं आणि विचारलं, "काय रे?" सांगितलं. माझ्या हातून पडला, मीच लपवलं, एवढंच. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, प्रदर्शनाच्या टीममधून तू बाहेर. आणि पैसे तू भरायचे. दोन्ही बरोबरच होतं, पण टीममधून नाव गेल्याचं मला इतकं लागलं की त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चार भिंतीपर्यंत एकटा सायकल दामटत गेलो आणि तिथे बसून रडलो. खाली सगळा सातारा दिसत होता. म्हटलं, खरं बोलून काय मिळालं?

पैसे दरवर्षीच्या नाताळच्या नव्या शर्टातून गेले. पप्पा द्यायला तयार होते, आजीने देऊ दिले नाहीत. मी एकशे ऐंशी रुपये घेऊन मामांकडे गेलो, कारण त्यांनी तोवर भरले होते. ते घंटेखाली बसून तंबाखू मळत होते. मी सांगितलं, मामा, लोलक माझ्या हातून फुटला होता, चुकलं माझं.

मामांनी पैसे हातात घेतले, मोजले नाहीत. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे करून बघत म्हणाले, "आरं पोरा... मला वाटलं माज्याच हातनं झालं आसंल. म्हनलं, वय झालं आता, हात कापाय लागलं, आन् आपल्याला कळंना बी."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. मी समजत होतो की मी मामांचे एकशे ऐंशी रुपये घालवले. मी त्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवला होता. चार दिवस तो माणूस काचेचं भांडं उचलताना स्वतःलाच घाबरत होता. 'औषध चढत असतं' म्हणजे काय, ते मला त्या घंटेखाली कळलं.

रविवारी स्पर्धा झाली. एकशे अकरा वचनं न अडखळता म्हटली, तरी दुसरा नंबर आला. एका चिमुरडीने माझ्यापेक्षा छान म्हटली होती. नाताळला मागच्या वर्षीचाच शर्ट घातला, बाह्या आखूड झालेल्या. आजीने करंज्यांचा एक डबा मामांच्या घरी पाठवला. तो परत आला तेव्हा त्यात तिळाची चटणी होती.

आणि पैलवान? दोन आठवडे बोलला नाही. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं तरी. त्याचं म्हणणं, "मला तरी आधी सांगायचंस." ते बरोबर होतं. त्याचीही माफी मागितली, ती त्याने लगेच स्वीकारली नाही. जानेवारीत एका मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन परत माझ्या बेंचवर आला. मी सवयीने डोळे चोळायला हात वर नेला.

"कचरा का?" तो म्हणाला.

हात खाली घेतला. "नाही रे. प्रार्थना करतो जेवणाआधी. आम्ही ख्रिश्चन आहोत."

"म्हंजे दोन वर्सं?"

"हो."

"आन् माजं गुलाबपानी?"

मला काय उत्तर द्यावं सुचेना. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग असा हसला की सायीचा डबा सांडता सांडता वाचला. "बरं, कर लवकर, भूक लागलीय." त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत पैलवानाने माझं आमेन झाल्याशिवाय स्वतःचा डबा उघडला नाही. मी कधी सांगितलं नव्हतं तसं करायला.

त्या वयात मला वाटायचं, श्रद्धा जगायची म्हणजे एक तर छातीवर क्रॉस मिरवायचा, नाहीतर शहाण्यासारखं लपवायचं. तिसरं काही असतं हे माहीत नव्हतं. लोलक लपवणं आणि प्रार्थना लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असंही वाटायचं. पण दोन्हींच्या मुळाशी एकच होतं, 'लोक काय म्हणतील'. एक गाठ सुटली तशी दुसरी आपोआप सुटली. टिळकांबद्दल मी आता कोणालाही, न विचारता, अर्धा तास सांगू शकतो (ऑफिसातले लोक साक्षीदार आहेत). आणि 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं, की त्यात लक्ष्मीबाई स्वतःला कुठेच संत म्हणून दाखवत नाहीत. स्वतःची फजिती, राग, नवऱ्याशी भांडणं, संसारातली ओढाताण, सगळं हसत हसत सांगून मोकळ्या होतात. श्रद्धेवरचं इतकं प्रामाणिक पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, किंवा कुठल्याच नसा, वाचाच.

असो. सुधारलो बिधारलो असं समजू नका. बुधवारच्या त्या कॉलवर दहा सेकंद लागलेच. आणि फूड कोर्टमध्ये नवे क्लायंट समोर बसलेले असले की माझा हात अजूनही एखाद वेळी डोळ्यांकडे जातो. मग गुलाबपाणी आठवतं आणि खाली येतो.

आजी २०१९ मध्ये गेली. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलच्या नर्सला ती चादरीची घडी कशी घालायची ते शिकवत होती. मिरजेची पद्धत.

त्या नव्या पोराला कॅन्टीनमध्ये एवढं सगळं सांगता आलं नाही. लिंक पाठवतोय. वाच रे बाबा, आणि सोमवारी तो मर्ज पुन्हा करायचा आहे. या वेळी माझ्या नावावर. :)